पासष्टची बरणी

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी खैरुन्निसाच्या मागच्या खोलीत एकदा तरी डोकावून जायला हवं होतं. तिथं भिंतीशी चिनी मातीच्या सहा बरण्या ओळीनं उभ्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात जुनी काही सगळ्यात चांगली नव्हती. साल चांगलं असेल तर सिरका चांगला. साल बेकार असेल तर त्याला दहा वर्षं ठेवा नाहीतर वीस वर्षं, तो म्हातारा आणि बेकार होतो, इतकंच.

सिरका जांभळाचा, म्हणजे जांभळाचा रस आंबवून केलेला. धाड गावच्या बाजारात तो रहेमतुल्लाचा, खैरुन्निसाच्या नवऱ्याचा, सिरका म्हणून ओळखला जाई. पोट दुखलं, अजीर्ण झालं, कुणाच्या लघवीत साखर निघाली, की माणूस रिकामी शिशी घेऊन रहेमतुल्लाच्या दारात उभा. चार आण्यांत शिशी भरून मिळे. गरिबाचंच औषध ते, पण रंग असा की शिशी उन्हात धरली तर सावकाराच्या बायकोच्या अंगठीतला खडा फिका पडावा.

करायची रीत साधी, पण सांभाळायला अवघड. जांभळं शेतातच झाडाखाली हातानं कुटायची. हातानंच, कारण बी फुटली की रस कडू होतो. रस बरणीत भरून घरी आणायचा, त्यात आधीच्या सालातला जिवंत सिरका जामन म्हणून घालायचा, दुधाला विरजण लावतात तसा. मग तोंडाला मलमल बांधून वर्षभर वाट पाहायची. बरणीच्या गळ्याला चुन्याचा पट्टा असे. त्यावर गेरूनं साल लिहायचं आणि ज्यानं कुटलं त्यानं शेजारी अंगठा उठवायचा. एकोणीसशे साठपासून चौसष्टपर्यंत पाचही बरण्यांवर रहेमतुल्लाचा अंगठा होता. जांभळं त्याच्या दोस्ताच्या, शेषरावच्या ओढ्याकाठच्या तीन झाडांची.

नव्या जांभळाच्या आदल्या दिवशी दोन्ही दोस्त मागच्या खोलीत बसत. खैरुन्निसा दाराशी. डाव्या मुठीच्या पाठीवर प्रत्येक बरणीतला एकेक थेंब घ्यायचा, जिभेनं टिपायचा, आणि मध्ये बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा चावून तोंड कोरं करायचं. सगळी सालं चाखून झाली की यंदा जामन कोणत्या सालाचं ते ठरे. नियम एकच, बरणीपुढं खोटं बोलायचं नाही. पाव्हण्यापुढं बोला, तलाठ्यापुढं बोला, बरणीपुढं नाही.

खरी जीभ खैरुन्निसाची होती. दोघं पुरुष मान हलवत बसत आणि शेवटी रहेमतुल्ला दाराकडं बघून विचारी, "काय म्हन्ते, खैरून?" ती सांगे ते ठरे. बाहेर नाव रहेमतुल्लाचं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, असं ती म्हणत असे. थोडं वाटत असावं.

पासष्ट साली रहेमतुल्लानं आषाढात बरणी भरून आणली आणि बाराव्या दिवशी सकाळी अंगणात दातण करताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. छातीत कळ आली होती म्हणे. घरात विधवेची इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस खैरुन्निसा दाराबाहेर पडली नाही. बायका येत, रडत, जात. मागच्या खोलीत पासष्टची बरणी तशीच होती. त्यानं तिच्यात जामन घातलं नव्हतं, गाळ बसून गेला तरी आज घालू, उद्या घालू म्हणत राहिला होता.

आणि इथं खैरुन्निसानं ती चूक केली. तिला सगळं येत होतं, जामन कधी घालायचं, किती घालायचं. पण चौसष्टचा पळीभर सिरका हातात घेऊन ती बरणीपाशी उभी राहिली आणि तिला ते करवेना. हा त्याच्या हातचा शेवटचा रस. यात दुसऱ्या सालाचा थेंब कशाला? तिनं पळी परत ओतली, बरणीवर झाकण ठेवलं, आणि कडेनं चिकणमाती लिंपून तोंड बंद केलं. हवासुद्धा आत जायला नको. कुणाला पटो न पटो, तिला त्या दिवशी तेच बरोबर वाटलं.

सहासष्टला तिनं जांभळं आणलीच नाहीत. त्या सालाची जागा भिंतीशी रिकामी राहिली. सदुसष्टच्या चैत्रात मात्र बरण्यांचे तळ दिसू लागले, लोक शिशा घेऊन परत जाऊ लागले, आणि तिनं ठरवलं की यंदा रस घालायचा. जामन पासष्टचं घालायचं. मग पुढच्या सालाचं जामन त्यातून, त्याच्या पुढचं त्यातून. ती मेल्यावरही धाडच्या प्रत्येक शिशीत रहेमतुल्लाचा हात राहील. हा विचार मनात आला तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

तिनं माती फोडली, झाकण उचललं, आणि आतून जो वास आला त्यानं ती दोन पावलं मागे सरली. आंबट नव्हता. गोड, गरम, डोक्यात चढणारा वास. दोन वर्षं कोंडलेल्या रसाची दारू झाली होती.

पहिल्यांदा तिनं दार लावून घेतलं. दारूबंदीचे दिवस, आणि धाडमध्ये विधवेच्या घरात अर्धा मण दारू! दुसऱ्या दिवशी ती मौलवीसाहेबांकडं गेली आणि पडद्याआडून सगळं सांगितलं. म्हातारे मौलवी म्हणाले, "दारू आहे तोवर नापाक. जिभेला लावायची नाही, विकायची नाही. तिचा सिरका झाला तर पाक. तोंड उघडा, जामन घाला, ऊन लागू द्या. आषाढापर्यंत नाही झाला, तर ओतून द्या बीबी."

तिनं चौसष्टचं जामन घातलं, ज्याला दोन वर्षांपूर्वी नको म्हणाली होती तेच, आणि मलमल बांधली. आता प्रश्न असा, की सिरका झाला की नाही हे चाखल्याशिवाय कळणार कसं? तिला चाखता येईना. शेषराव माळकरी, तो दारूच्या थेंबाला शिवेना. शेवटी शेषरावनंच तोड काढली.

"उकंडरावले बोलावू," तो म्हणाला.

उकंडराव गावातला नामांकित पिणारा. सरकारनं दारूबंदी खास त्याच्यासाठी आणली असं लोक म्हणत, आणि तोही ते अभिमानानं सांगे. खैरुन्निसानं अट घातली, चाखायचं नाही, फक्त वास घ्यायचा, तोही तीन हातांवरून.

उकंडराव आला, तीन हातांवर बसला, डोळे मिटले आणि त्याचा चेहरा उजळला. "हाव भाबी," तो गहिवरून म्हणाला, "हाय. पक्की हाय. काय माल हाय!"

खैरुन्निसाचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. "अजून हाय," म्हणाला. वैशाखाच्या शेवटी, "हाय, पन जरा रुसली." गावात एवढा हुशार नाक असलेला माणूस रिकामा फिरतो आणि नोकऱ्या भलत्यांनाच मिळतात, असं शेषराव म्हणे.

त्या उन्हाळ्यात दुपारी ती मागच्या खोलीतच पडून राही. धाब्याचं घर, आत गार. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी येई आणि दिवसभर एका बरणीवरून दुसरीवर सरकत जाई, साठवरून एकसष्टवर, एकसष्टवरून बासष्टवर. खैरुन्निसा त्या पट्टीबरोबर सरके. साठवर ऊन आलं की ते साल येई. शाळेत पेढे वाटले होते, नवं राज्य झालं म्हणून, आणि रहेमतुल्लानं विचारलं होतं की आता सिरक्याचा भाव वाढेल का. त्रेसष्टवर ऊन आलं की धुराचा वास येई, कारण ती बरणी त्या वर्षी चुलीच्या भिंतीला टेकून राहिली होती. मग पापण्या जड होत, आणि सालांची ओळ पुढं मागं होई. एकसष्टचा पाऊस चौसष्टच्या अंगणात पडे. ती नवी नवरी असे आणि तिचेच केस पांढरे असत.

एका दुपारी त्या झोपेत रहेमतुल्ला आला. पासष्टच्या बरणीपाशी पाठमोरा बसला होता. "जामन घातलं का गं?" त्यानं विचारलं. "घातलं. उशिरा घातलं." तो हसल्यासारखा वाटला. त्यानं बरणीवर हात ठेवले आणि तिला दिसलं, हात स्वच्छ, कोरे. आषाढात त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे असत आणि महिनाभर तो रंग जात नसे. जन्नतमध्ये सगळे डाग धुतले जात असतील, असं तिला झोपेत वाटलं. जागी झाली तेव्हा उजेडाची पट्टी पासष्टवरच होती. चुन्यावरचा गेरूचा अंगठा उन्हात लाल दिसत होता. तिनं त्यावर आपला अंगठा हलकेच टेकवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

आषाढ लागला. जांभळं पिकली. उकंडराव शेवटचा आला, तीन हातांवर बसला, डोळे मिटले, नाक वर केलं आणि एकदम उठून उभा राहिला. "गेली!" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "भाबी, गेली हो. नासली सारी. आंबट ढोन झाली."

खैरुन्निसाला हसावं की रडावं कळेना. उकंडरावला तिनं चहा दिला, आणि बिचाऱ्यानं तो सुतकातल्यासारखा गप्प बसून घेतला.

दुसऱ्या दिवशी शेषराव आला. ओळीपुढं दोन पाट मांडले होते. ती यंदा दाराशी बसली नाही, रहेमतुल्लाच्या पाटावर बसली. ताटलीत बिनमिठाची भाकरी.

साठचा थेंब जिभेवर आला. तळाशी अजून गोडी होती त्याला, भोळी गोडी. भाकरीचा तुकडा. एकसष्ट पातळ, पाण्याच्या सालाचा, जिभेवर येतो न येतो तोच निघून जाणारा. बासष्टला पाखरांनी झाडं लुटली होती आणि शेषरावनं घाईनं अर्धकच्ची जांभळं उतरवली होती. त्याचा तुरटपणा अजून गेला नव्हता. शेषराव दर वर्षीप्रमाणे ओशाळला. त्रेसष्टचा धूर. आणि मग चौसष्ट. चौसष्ट आला, जिभेवर बसला, घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारल्यासारखा सावकाश घशात उतरला, आणि गेल्यावरही बराच वेळ गेला नाही.

मग पासष्ट. तिनं बिस्मिल्ला म्हटलं. मुठीवर थेंब घेतला. शेषरावनंही घेतला.

तो आधी बोलला. जरा जास्तच लवकर बोलला. "वा! भाबी, हे तं चौसष्टच्या वरताण झालं. असं साल झालंच नाही."

थेंब अजून खैरुन्निसाच्या जिभेवर होता. आधी आंबट आलं, ते बरोबर होतं. त्यामागं दोन वर्षांच्या कोंडमाऱ्याची एक उग्र झाक आली, ती तिची चूक, ती तिला मान्य होती. पण त्याच्याही मागून, जिभेच्या मुळाशी, कडू आलं. बीचं कडू. फुटलेल्या बीचं. तिनं भाकरी खाल्ली आणि दुसरा थेंब घेतला. तेच. वीस वर्षांत रहेमतुल्लाच्या हातून एक बी फुटली नव्हती.

"शेषरावभाऊ," ती म्हणाली, "बरनीपुढं खोटं?"

शेषराव भाकरीच्या तुकड्याकडं बघत राहिला.

आणि तिला एकदम दिसले ते हात. मय्यतीच्या दिवशी दारातून दिसलेले शेषरावचे हात, कोपरापर्यंत जांभळे. तिला वाटलं होतं जांभळं उतरवून झाले असतील. पण जांभळं उतरवणाऱ्याची बोटं रंगतात, कोपर नाही. आणि त्याच दिवशी चादरीबाहेर आलेला रहेमतुल्लाचा हात कोरा होता. महिनाभर न जाणारा रंग बारा दिवसांत गेला होता. चिंचेनं घासले, असं तो म्हणाला होता आणि तिनं मानलं होतं.

"हे त्यायनं कुटलं नाई," ती म्हणाली.

शेषरावनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "नाई कुटलं," तो म्हणाला. "त्या दिवशी झाडाखाली आला तं घामानं चिंब. डावा हात उचलेना. मले म्हने, शेषराव, तू कुट, मी सांगतो. म्या म्हटलं डाक्टरले दाखवू, बुलडान्याची एस्टी आत्ता येईन. तं म्हने, जांभूळ थांबते का बे कोनासाठी? मले काय कुटता येते भाबी? हातानं होईना, मंग दगड घेतला. ढेकळं फोडावं तसं फोडलं. तो पाहून हसला. म्हने, माही बरनी कडू केली तुनं."

"अन् तुमी मले सांगतलं नाई."

"त्यानं आन घातली होती."

"बारा दिवस होते!" खैरुन्निसाचा आवाज चढला. एवढा चढलेला तो आवाज त्या खोलीनं कधी ऐकला नव्हता. "बारा दिवस, भाऊ! एस्टी दारापुढून जाते माह्या. म्या त्याले उचलून नेलं असतं. तुमी दोघं दोस्त दोस्त म्हनून बसले, अन् म्या? म्या दोन सालं तुमचं कुटेल सांभाळत बसली!"

शेषरावनं दोन वर्षं ते पोटात ठेवलं होतं आणि आता त्याचे डोळे लहान मुलासारखे वाहत होते. खैरुन्निसाला त्याचा राग आला, मग रहेमतुल्लाचा आला, आणि मग जिची कुणालाच गरज नव्हती त्या लिंपलेल्या मातीचा आला. तिनं पदरात तोंड घेतलं आणि ती रडली, इद्दतीत रडली नव्हती तशी.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मंग अंगठा? अंगठा कोनाचा हाय?"

"त्याचाच," शेषराव म्हणाला. "म्या म्हटलं, रीत हाय, अंगठा माहा लागते. तं म्हने, तुहा अंगठा पाहून खैरून आजच धरीन मले. म्हने, पुढच्या आषाढात ते चाखीन तवा ओळखीनच. तवा सांग. जीभ तिची हाय, नाव फुकट माहं झालं." शेषरावनं टोपीनं डोळे पुसले. "पन तुमी बरनी लिंपून टाकली. पुढचा आषाढ आलाच नाई. मंग आज माह्यानं सांगनं झालं नाई."

झरोक्यातली पट्टी सरकत चौसष्टवर आली होती. खैरुन्निसा तिच्याकडं बघत राहिली. नाव फुकट माहं झालं. वीस वर्षांत तोंडावर एकदा म्हटलं नाही त्यानं, आणि सांगितलं ते झाडाखाली, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला असताना, आणि तेही या ढेकळं फोडणाऱ्याला.

ती उठली, चुलीमागून गेरूची वाटी आणली आणि शेषरावपुढं ठेवली. "ज्यानं कुटलं त्याचा अंगठा," ती म्हणाली. "चाला. दोन साल उशीर झाला."

शेषरावनं पासष्टच्या बरणीवर, रहेमतुल्लाच्या अंगठ्याशेजारी, आपला अंगठा उठवला. शेतकऱ्याचा रुंद अंगठा तो, चुन्याचा पट्टा पुरेना.

"हे विकायचं नाई," ती म्हणाली. "घरात राहीन. कडू हाय, पन तुमच्या दोघांचं हाय. जामन चौसष्टचं." मग पदर नीट करत म्हणाली, "अन् उद्या गाडी इथी आना. मले बी यायचं हाय झाडाखाली. तुमी फक्त उतरवा. दगडाले हात लावला तं पहा मंग."

दुसऱ्या दिवशी ती बैलगाडीत बसून ओढ्यावर गेली. इतकी वर्षं तिनं त्या झाडांचा सालोसालचा रस चाखला होता, झाडं आजच पाहिली. रहेमतुल्ला बसला असेल ती जागा शेषरावनं न विचारता दाखवली. तिथंच बसून तिनं कुटलं, मुठीनं, दाबून, सोडून, गर सुटेपर्यंत आणि बी तशीच राहीपर्यंत. हात कोपरापर्यंत जांभळे झाले. एकही बी फुटली नाही.

घरी आल्यावर गाळ बसू दिला आणि चौथ्या दिवशी तिनं चौसष्टचं जामन घातलं. सहासष्टची रिकामी जागा तशीच सोडून नवी बरणी तिच्यापुढं उभी केली. चुन्याच्या पट्ट्यावर सदुसष्ट लिहिलं. अंगठ्यासाठी गेरूची वाटी ओढली आणि मग तिच्या लक्षात आलं की गेरूची गरजच नाही. तिनं अंगठा जिभेनं ओला केला आणि तसाच जांभळा दाबला. चुना लागून तो जांभळ्याचा निळा उठला. ओळीतला एकटाच निळा.

मग तिनं बरणीच्या तोंडाला मलमल बांधली, हवा जाईल अशी, सैल.